भामेर ते वेरूळ : आधी लहान लेणी, मग कैलास

खान्देशातून वेरूळला निघालेल्या प्रत्येकाला माझं एक आग्रहाचं सांगणं असतं : थेट कन्नड घाट चढू नका. आधी सातमाळ्याच्या अलीकडची, आपल्या अंगची लेणी बघा. ती लहान आहेत, अर्धवट आहेत, काहींत गुरं बसतात, काहींत देवाला रोज पाणी पडतं. पण दगड कोरणं म्हणजे काय ते तिथे हाताला कळतं. कैलासासमोर माणूस इतका दिपून जातो की, हे केलं कसं हा प्रश्न पडायच्या आतच तो फोटो काढायला लागतो.

दसरा होऊन गेला होता. कापसाची पहिली वेचणी सुरू होती, बाजरी खळ्यावर आली होती. नवरात्रातली पाटणादेवीची गर्दी ओसरली होती आणि डोंगरातलं पाणी अजून आटलं नव्हतं. ही लेणी बघायला याहून चांगले दिवस नाहीत. वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून शुक्रवारी निघून सोमवारी कैलास गाठायचा असं ठरवलं. गाडी चालवायला धाकटा भाऊ, मागच्या सीटवर स्थापत्य शिकणारी भाची आणि पुढे आमचे मामा. मामांनी उभा जन्म विहिरी खोदल्या. साक्री, शिंदखेडा, पारोळा या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरींत त्यांची पहार आणि त्यांचा सुरुंग लागलेला आहे. लेणी बघायला दगडाचा माणूस सोबत हवा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

शुक्रवार : भामेर, बळसाणे

धुळ्याहून सकाळी सुरत रस्त्याला लागलो. साक्रीत चहा घेऊन निजामपूरच्या बाजूला वळलं की थोड्या वेळाने भामेरचा डोंगर दिसायला लागतो. डोंगराच्या मधल्या अंगाला काळ्या चौकोनांची एक आडवी ओळ आहे. दुरून त्या खिडक्या वाटतात. ती सगळी कोरलेली दालनं आहेत.

भामेर हे आज साधं गाव आहे, पण गावात शिरताना जुन्या वेशीचे घडीव दगड दोन्ही बाजूंना उभे आहेत. अहिर राजांची ही राजधानी, असं इथला माणूस अभिमानाने सांगतो. वेशीजवळच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते. कोठून उनात, कोणाकडचे, अशी चौकशी झाली आणि मग लेण्यांकडे हात करून ते म्हणाले, "पांडवस्नी एक रातमा कोरं शे हाई समदं." मामांनी रामराम घातला, पण दोन पावलं पुढे गेल्यावर हळूच मला म्हणाले, "एक रातमा काया दगडमा हातभर भी जावाय नई, माय."

चढ फार नाही, मात्र घसाऱ्याचा आहे. वर पोहोचलं की एकामागून एक दालनं लागतात. काहींच्या आत दगडातच राखलेले खांब आहेत, काहींत पाणी साठलेलं आहे, काहींत शेणाचा आणि वटवाघळांचा वास भरलेला. बहुतेक दालनांत देव नाही, नक्षी नाही. सातव्या-आठव्या शतकातलं शिल्प बघायच्या अपेक्षेने आलेला माणूस इथून पाच मिनिटांत खाली उतरेल. मामांनी मात्र आम्हाला तासभर हलू दिलं नाही.

त्यांनी भिंतीवर पाणी शिंपडलं आणि हाताने पुसलं. ओल्या दगडावर तिरक्या रेघा उमटल्या, सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या. ते छिन्नीचे घाव. मामांनी हात उचलून दाखवलं : माणूस उजव्या हाताने हातोडा मारतो आहे, डाव्या हातात छिन्नी आहे, तर घाव असाच पडणार. एका कोपऱ्यात घाव उलट्या बाजूला झुकलेले होते. तिथे कुणी डावखुरा बसला असेल किंवा जागा अडचणीची म्हणून हात बदलावा लागला असेल. भाची वही काढून घाव काढायला बसली. नाव नसलेल्या, काळ न सांगणाऱ्या त्या दालनात काम करणारा एक माणूस आम्हाला अगदी जवळून भेटला, असं मला वाटलं. हे मी पुस्तकात वाचून कधीच शिकले नसते.

मग दगडाचे थर. आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर ओतले गेले आणि थिजले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. मामांना कोट्यवधी वर्षांशी देणंघेणं नाही. त्यांना थर ठाऊक आहेत. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा दगड, दोन थरांच्या मध्ये कधी गेरूचा तांबडा पट्टा. मांजऱ्या लवकर खणला जातो, पण पावसापाण्याने झिजतो. काळा दगड टणक, त्यावर धार टिकते. लेणं कोरणारा आधी थर शोधतो. भामेरची दालनं एका ओळीत का आहेत, याचं उत्तर मामांनी असं दिलं : डोंगरात चांगला दगड ज्या उंचीवर मिळाला, त्या उंचीने ते कोरत गेले. डोंगराकडे पुन्हा खालून पाहिलं तेव्हा ती काळ्या चौकोनांची ओळ खरोखर एका थराला धरून चाललेली दिसली.

दुपारी बळसाण्याला गेलो. इथली देवळं बांधीव, हेमाडपंती म्हणतात त्या घडणीची. आज संरक्षित आहेत. शिखरं पडलेली, खांब मात्र अजून देखणे. ती मी लवकर उरकते, कारण बांधलेलं देऊळ आणि कोरलेलं देऊळ यांतला फरक एवढाच इथे बघायचा होता. बांधीव देवळात एखादी शिळा फुटली तर दुसरी घडून बसवता येते. कोरीव लेण्यात ती सोय नाही. तिथे चुकीचा एक घाव गेला की तो डोंगरालाच गेला.

रात्री धुळ्याला परतलो. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. भाची भिंतीवरचे घाव वहीत पक्के करत उशिरापर्यंत जागी होती.

शनिवार : पाटणे

धुळ्याहून चाळीसगाव, आणि तिथून अठरा किलोमीटरवर पाटणे. शेवटच्या टप्प्यात डोंगर असा पुढ्यात येऊन उभा राहतो की रस्ता आता कुठे जाणार असं वाटतं. हा गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा भाग आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत गेलो.

पाटणादेवीला खान्देशातली कितीतरी घरं कुळाचाराला येतात. आमचंही घर त्यातलंच, त्यामुळे आधी दर्शन, ओटी. चंडिकेच्या या देवळाला आणखी एक मोठेपण आहे आणि ते ओटी भरून परतणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. इथे इसवी सन १२०७ चा, यादव राजा सिंघणाच्या काळातला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून इथे मठ काढला आणि त्याला इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, कारण तिथे कुणी काय आणि किती द्यायचं हा रोजच्या व्यवहाराचा भाग येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख जगापुढे आणला. लीलावतीच्या गणितांचा अभ्यास सांगणारा मठ आपल्या चाळीसगाव तालुक्यात, या डोंगराच्या पायथ्याशी होता, ही गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहिली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जवळच महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्याचा लेख शके १०७५, म्हणजे ११५३ सालचा. निकुंभ राजा इंद्रराजाने देऊळ सुरू केलं, तो गेला, आणि मुलगा लहान म्हणून कारभार बघणाऱ्या त्याच्या राणीने, श्रीदेवीने, ते पुरं केलं. मी त्या देवळाच्या जोत्याला हात लावून नमस्कार केला तो महादेवाला आणि श्रीदेवीलाही.

मग कण्हेरगडाची वाट. झाडी दाट, गवत कमरेपर्यंत, पायाखाली सुटे दगड. मामांना वर नेऊ नये असं भाऊ म्हणत होता. ते सगळ्यांच्या पुढे होते. आधी नागार्जुन कोठी लागते. हे जैन लेणं, आत तीर्थंकरांची मूर्ती. जवळच सीतान्हाणी. नाव सीतेचं, म्हणजे लोकांनी दिलेलं. आपल्याकडे डोंगरातली कोणतीही कोरीव जागा पांडवांची नाहीतर सीतेची होते, आणि त्या नावामुळेच ती पुढच्या पिढ्यांनी सांभाळली. याच डोंगररांगेत पलीकडच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती या दोहोंपेक्षा कितीतरी जुनी. एका डोंगराने बुद्धाला, महावीराला आणि महादेवाला जागा दिली आहे. त्या त्या काळी ज्यांच्याकडे दाते होते, त्यांनी त्याच दगडात काम केलं. कारागिरांची विद्या मात्र एकाच वाटेने पुढे गेलेली असणार, असं मामांचं म्हणणं. भामेरला पाहिलेले तिरके घाव भाचीने इथेही शोधून काढले.

शृंगार चावडी बघायला आणखी चालावं लागतं. ज्यासाठी मी पाटण्याला येते ते हेच लेणं. ब्राह्मणी परंपरेतलं, लहानसं. पुढे ओसरी, ओसरीला कोरीव खांब. इथे खांब म्हणजे छताला दिलेला टेकू नव्हे, हे मुलांना समजावून सांगावं लागतं. तो आधीपासून तिथे होता. त्याच्या भोवतीचा दगड काढून टाकला आणि तो उरला. आता त्याच्यावर नक्षी करायची तर ती उरलेल्या दगडाच्या आत शिरूनच. म्हणून कारागिराने आधी खांब चौकोनी जाड राखला असणार, मग कोन मारले, मग पट्टे, मग फुलं. भाचीने विचारलं, "आबा, मोजमाप चुकलं आणि खांब बारीक झाला तर?" मामा म्हणाले, "म्हणून पहिल्यापासून सूत धरायचं. विहीर गोल खणतो तेव्हाही मधे खुंटी ठोकून दोरीनेच बघतो. डोळ्यावर भरवसा ठेवला की विहीर वाकडी जाते."

ओसरीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाली पाटण्याचं रान, पलीकडे चाळीसगावकडची शेतं. लेण्याच्या भिंतीवर खडूने, कोळशाने, एका ठिकाणी तर खिळ्याने कोरून नावं लिहिलेली आहेत. मला याचं अतोनात वाईट वाटतं. आठ-नऊशे वर्षांच्या घावाशेजारी आपल्या काळाचा हा घाव कायमचा राहणार आहे. तो पुसताही येत नाही, कारण पुसायचा म्हणजे दगडच काढायचा.

उतरताना गुडघ्यांनी सगळ्यांचीच परीक्षा घेतली. मुक्काम चाळीसगावात. रात्री शेवभाजी, तर्री आलेली, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा.

रविवार : रुद्रेश्वर

चाळीसगावहून पाचोरा, पाचोऱ्याहून शेंदुर्णी. या भागातून पूर्वी पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे जायची. मामा तिने विहिरीच्या कामांना जात असत. शेंदुर्णीत त्रिविक्रमाचं दर्शन घेतलं आणि सोयगावला आलो.

सोयगाव तालुका कागदावर मराठवाड्यात, पण तो डोंगराच्या खालच्या अंगाला आहे. बाजार पाचोऱ्याचा, बोली खान्देशाकडची, सोयरिकी आपल्याकडच्या. अजिंठ्याचा डोंगर हीच इथली खरी हद्द आहे, असं मी मानते, आणि म्हणून रुद्रेश्वराला मी खान्देशातच धरते. सोयगावहून गलवाडा, पुढे वेताळवाडीचा किल्ला समोर येतो. त्याचे बुरूज बघून भाऊ किल्ल्यावर जाऊ म्हणाला. आज फक्त लेणं, असं ठरलेलं होतं.

गाडी ठेवून ओढ्याच्या कडेने चालायला लागलो. पावसाळ्यात या ओढ्यातून वाट सापडत नाही. आता घोट्याएवढं पाणी, दोन्ही बाजूंना साग आणि करवंदाच्या जाळ्या. वळसा घेऊन दरी अरुंद होते आणि कड्याच्या पोटात रुद्रेश्वर दिसतं. वरून पाण्याची धार लेण्याच्या पुढ्यात पडते. त्या दिवशी ती बारीक झाली होती, पण वाऱ्याने तुषार आतपर्यंत येत होते.

लेणं एकच. पण काय काय आहे त्यात! महादेवाची पिंड, समोर नंदी, गणपती, नरसिंह, भैरव, आणि सप्तमातृकांची ओळ. भामेरला रिकामा दगड पाहिला, पाटण्याला सजवलेला खांब पाहिला; इथे पहिल्यांदा दगडातून देव बाहेर आलेला बघायला मिळाला. मूर्ती झिजल्या आहेत. त्यामुळे घाईने बघणाऱ्याला काही दिसत नाही. थोडा वेळ थांबलं, डोळे अंधाराला सरावले, म्हणजे मग एकेक आयाळ, एकेक मांडी, एकेक लेकरू वर येतं. सप्तमातृका बघताना मी नेहमी मांडीवरची बाळं शोधते. चामुंडेचा अपवाद सोडला तर आयांच्या या ओळीत बाळं असतात, आणि ती कोरणाऱ्याने घरची लेकरं बघितलेली आहेत हे कळतं.

नरसिंहाजवळ आम्ही खूप वेळ होतो. मातीची मूर्ती घडवणारा भर घालत जातो. हात लहान वाटला तर माती लावतो. पाषाणात फक्त काढायचं असतं. म्हणजे जो भाग सगळ्यात पुढे येणार, गुडघा, सोंडेचं टोक, आयाळीचं वळण, तो आधी ठरवून ठेवायचा आणि बाकी सगळं त्याच्या मागे ढकलत न्यायचं. भाचीला हे इथे लख्ख कळलं. तिने नरसिंह समोरून न काढता बाजूने काढला, भिंतीपासून किती बाहेर आला आहे ते दाखवणारा.

रविवार असल्याने गलवाड्याकडची काही मंडळी आली होती. एका आजीने ओढ्याचं पाणी तांब्यात आणून पिंडीवर घातलं, बेल वाहिला, आणि आम्हाला प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा दिला. तिने लेणं म्हणून काही बघितलंच नाही. तिचा तो महादेव आहे, तिच्या सासूचाही होता. हे लेणं टिकलं याचं पुष्कळसं श्रेय अशा आज्यांना द्यायला हवं. मात्र मूर्तींना फासलेला शेंदूर आणि तेल यांनी बारीक काम बुजतं, हेही खरं आहे. पूजा पिंडीची व्हावी, भिंतीवरच्या शिल्पांना फक्त हात जोडावेत, एवढं गावानेच ठरवलं तर कुठलाही फलक लावावा लागणार नाही.

परतीला ऊन उतरलं होतं. वेताळवाडीच्या बाजूने हळद्याचा घाट चढून उंडणगाव, सिल्लोड करत रात्री वेरूळ गाठलं. डोंगर चढलो आणि कापूस मागे राहून मका पुढे आला, बोलीही बदलली. धर्मशाळेसारख्या साध्या खोल्या मिळाल्या, पाठ टेकताच झोप लागली.

सोमवार : वेरूळ

पहाटे घृष्णेश्वर. वेरूळ हे भोसल्यांचं मूळ गाव. मालोजीराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि आज उभं असलेलं तांबड्या दगडाचं देऊळ अहिल्यादेवी होळकरांचं. दर्शन आटोपून लेण्यांचं दार उघडताच आत शिरलो.

आम्ही कैलासाच्या दारातून आत गेलो नाही. मामांना आधी डोंगरावर घेऊन गेले. बाजूच्या पायवाटेने चढून मागच्या कड्यावर आलं की अख्खा कैलास पायाखाली दिसतो. वेरूळला येणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथून करावी. मामा कड्यापासून हात-दोन हात आत उभे राहिले. खाली बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिले तीन आंगे हिर खंदी, मंग मधला दगडनं देऊय घडं."

कैलासाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खंदक मारला. चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, मागची कडा १०७ फूट खोल. मध्ये राहिला एक प्रचंड सुटा दगड. त्या दगडाचा वरचा भाग म्हणजे शिखर, म्हणून शिखर आधी. वरून खाली कोरत आले आणि जोतं शेवटी. परांची बांधायची गरज पडली नाही, कारण कारागिराच्या पायाखालचा दगडच त्याची परांची होता. काम उतरेल तसा तोही उतरत गेला. पण शिखराचा पहिला घाव घालताना खाली शंभर फुटांवर हत्ती कुठे येणार, जिना कुठे निघणार, नंदीमंडपाला जोडणारा पूल कोणत्या उंचीवर ठेवायचा, हे सगळं ठरलेलं असलं पाहिजे. पुलापुरता दगड राखायचा विसरला असता तर तो पुन्हा आणायचा कुठून?

मामांनी मग त्यांच्या धंद्यातला प्रश्न काढला : डबर, म्हणजे फोडलेला दगड, कुठून काढलं? विहिरीत सगळ्यात जास्त मजुरी खोदाईला नाही, डबर वर ओढायला लागते. इथे डोंगराचा उतार पुढच्या अंगाला आहे. पुढची बाजू खुली ठेवली की तोडलेला दगड वर ओढायला नको, पुढे ढकलत न्यायचा. "जागा निवडणारा माणूस मोठा," ते म्हणाले, "घडणारे नंतर." सुमारे दोन लाख टन दगड इथून काढला गेला असा अंदाज सांगतात. तो सगळा हातोडा-छिन्नीने, आणि प्रत्येक टोपलं माणसाने उचललेलं.

खंदकाच्या उभ्या भिंतींवर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. आणि तिथे ते होते : भामेरचे घाव. तसेच तिरके, रांगेने, वरपासून खालपर्यंत. भाची ओरडलीच. भामेरला तासभर घालवला नसता तर या भिंतीकडे आम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं. सगळ्यांची नजर मधल्या देवळाकडे असते, या भिंतींकडे कुणाचीच नाही.

खाली उतरलो. दारातच गजलक्ष्मी, हत्ती तिच्यावर पाणी ढाळताहेत. दोन बाजूंना दगडी हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. देवळाचं सगळं ओझं हत्तींनी आणि सिंहांनी पाठीवर घेतलेलं आहे, ते जोत्याच्या कडेने फिरताना दिसतं. मंडपाच्या दक्षिण अंगाला रामायण, उत्तर अंगाला महाभारत, पट्ट्यापट्ट्यांनी. पुढे दक्षिणेकडे रावण कैलास हलवतो आहे. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, दासी पळाली आहे, आणि शंकर नुसता पाय दाबून बसला आहे. रुद्रेश्वरला नरसिंह बाजूने काढणाऱ्या भाचीला हा रावण दिसला तेव्हा ती खालीच बसली. तो भिंतीला चिकटलेला नाही. त्याच्या मागे खोल पोकळी आहे, हात सुटे झालेले आहेत, अंधारात त्याचे खांदे ताणलेले दिसतात. सगळं काढून टाकूनच केलेलं, कुठे एक कण चिकटवलेला नाही.

हे काम राष्ट्रकूटांचं. दंतिदुर्गाचा लेख शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात आहे, आणि कैलास त्याच्यानंतर आलेल्या, आठव्या शतकातल्या कृष्ण पहिल्याच्या नावाने ओळखला जातो. बडोद्याला सापडलेल्या, राष्ट्रकूटांच्या लाट म्हणजे गुजरातकडच्या शाखेतल्या कर्कराजाच्या ८१२-१३ सालच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे : विमानातून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्याने ते घडवलं त्या कारागिरालाही आपल्या हातून हे कसं झालं याचं नवल वाटलं. ताम्रपट राजाची स्तुती करायला लिहितात. त्यात कारागिराच्या मनात डोकावून बघणारा तो कवी मला फार मोठा वाटतो.

उत्तरेच्या बाजूला गंगा, यमुना, सरस्वती यांचं देवालय आहे, तिथे गारवा असतो. लंकेश्वर लेण्याकडे जाताना छताला जुन्या रंगाचे आणि गिलाव्याचे तुकडे दिसतात. आज आपल्याला काळा दिसणारा कैलास एकेकाळी पांढरा गिलावा ल्यालेला होता. हिमालयातला बर्फाचा डोंगर दाखवायचा तर तो पांढराच हवा.

दशावतार लेण्यात हिरण्यकशिपूला धरणारा नरसिंह बघितला. २१ क्रमांकाच्या रामेश्वरात ओट्यावरचा नंदी आणि मकरावर उभी असलेली गंगा. मग धुमार लेणं, २९ क्रमांकाचं, दाराशी सिंह बसवलेलं. घारापुरीचं लेणं बघितलेल्यांना इथे ओळख पटेल. प्रत्येक ठिकाणी मी सप्तमातृकांचीच बाळं शोधत होते, त्यामुळे भावाने माझ्यासाठी थांबायचं सोडून दिलं.

शेवटी जैन लेण्यांच्या बाजूला ३० क्रमांकाकडे गेलो. याला छोटा कैलास म्हणतात. कैलासासारखंच वरून कोरायला घेतलेलं, लहान आकाराचं, आणि पुरं न झालेलं. इथे कुणी थांबत नाही. आम्ही सगळ्यात जास्त इथेच थांबलो, कारण पुऱ्या झालेल्या कैलासात पुसून गेलेलं काम या अर्धवट दगडात उघडं आहे. कुठला भाग पुरा झाला, कुठे नुसता ठोकळा राखला, कुठे घाव ओबडधोबड आहेत, कुठे त्यावर दुसऱ्यांदा बारीक छिन्नी फिरली आहे, ते सगळं वाचता येतं. मामा चारी बाजूंनी फिरले. एका ठोकळ्याला तळहात लावून ते भाचीला सांगायला लागले की इथून पुढे त्यांनी काय केलं असतं : आधी हा कोन उतरवला असता, मग सूत धरून ही पट्टी, मग खालचं. भाची त्यांच्या सांगण्यावरून रेघा ओढत होती. पहारेकऱ्याने वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा तिचा खांब अर्धा झाला होता.

अंधार पडायच्या आत कन्नड घाट उतरलो. चाळीसगावपर्यंत गाडीत एकच विषय. शृंगार चावडीचं मोजमाप घ्यायचं : प्रत्येक खांबाची जाडी, ओसरीची खोली, घावांची दिशा, सगळं कागदावर. भाची टेप आणि ओळंबा आणणार आहे. मामा म्हणाले, ओळंबा माझा घे, तुमचा बाजारचा हलका असतो. मार्गशीर्षात गवत वाळलं की जायचं ठरलं आहे.